सावळधरीच्या इंटरनेटचा पोळा

गावच्या मालकीचं इंटरनेट काढावं ही कल्पना माझी. ती फसली, असं पोळ्याच्या संध्याकाळी काही लोक म्हणत होते, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ती फसली नाही. शुक्रवारी पाच चाळीसपासून रविवारच्या दुपारपर्यंत ती बंद होती, एवढंच. बंद पडणं आणि फसणं यांतला फरक मला कळत नसेल तर सावळधरीत कुणालाच कळणार नाही, कारण टेलिफोनच्या ऑफिसात मी बत्तीस वर्षं तक्रारींच्या टेबलावर बसलो आहे.

तक्रारींच्या टेबलावर काम काय असतं ते लोकांना नीट माहीत नसतं. माणूस यायचा, तक्रार सांगायचा. मी ती रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवायचो, क्रमांक घालायचो आणि ‘तक्रार घेणाऱ्याची सही’ या रकान्यात सही करायचो. त्याच्या शेजारी ‘दुरुस्ती करणाऱ्याची सही’ असा रकाना असे, तो लाइनमनचा. शेवटचा रकाना ‘तक्रारदाराचा शेरा’, तो तक्रारदाराचा. माझा संबंध फक्त माझ्या रकान्याशी. बत्तीस वर्षांत माझ्या हाताला तार लागली नाही, पण तारेविषयी माझ्याइतकं ऐकलेला माणूस आर्वी तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. सावळधरी रोहण्यापासून आत आठ किलोमीटर, म्हणजे इथे तर नाहीच नाही.

निमित्त आकांक्षाचं झालं. आकांक्षा आमची एकुलती एक मुलगी. पुण्याच्या कंपनीत आहे, पण गेल्या जानेवारीपासून घरून काम करते, म्हणजे आमच्या मधल्या खोलीत बसून. ती यायच्या आधी मी आणि छाया सात वाजता जेवून घ्यायचो आणि मग दोघं मिळून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचो. ती आली आणि घरात कुणी तरी कुणाला तरी हाका मारू लागलं. मला हे किती आवडत होतं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. बापाने अशा गोष्टी सांगायच्या नसतात असं मला वाटायचं.

नेट होतं ते ‘तेजगती’ नावाच्या कंपनीचं. कंपनीचे गावातले प्रतिनिधी म्हणजे भैय्याजी, अतिशय गोड माणूस. महिन्यातले बारा दिवस नेट यायचं आणि उरलेले अठरा दिवस भैय्याजी यायचे. यायचे, चहा घ्यायचे, नेटच्या डबीचा दिवा बघायचे आणि म्हणायचे, “वरूनच गेलं हाय, काका.” वर म्हणजे कुठे ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बोट मात्र ते छताकडे करायचे.

जुलैत आकांक्षाच्या कंपनीचं पत्र आलं. पोळ्यानंतरच्या सोमवारी सकाळी दहाला तिचे साहेब मोठी मीटिंग घेणार होते. त्यात तिची लाइन तासभर टिकली तर घरून काम चालू, नाहीतर एक तारखेपासून पुण्यात हजर. तिने ते पत्र आम्हाला वाचून दाखवलं आणि खोलीत निघून गेली. छाया भाकरी थापत होती, ती थापतच राहिली.

“आपण आपलं काढू,” मी म्हणालो.

“काय काढता?”

“इंटरनेट. गावाचं. सहकारी.”

छायाने भाकरी तव्यावर टाकली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “अजी, घरचा फ्यूज गेला त तुमी शेजारून माणूस बोलावता,” ती म्हणाली.

संस्थापकाला सुरुवातीला घरातूनच विरोध होतो हे मला माहीत होतं.

योजना साधी होती. आर्वीच्या एका परवानाधारकाकडून एक जाड लाइन घ्यायची, ती गावाच्या वेशीपर्यंत तोच आणून देणार. तिथून पुढे गावभर तार आपली, डबे आपले आणि संस्था आपली. बावन्न घरं सभासद झाली. पण संस्था म्हटली की पोटनियम लागतात, आणि गावात पोटनियमांची एकच प्रत होती, ती बंद पडलेल्या दूध सोसायटीची. मी दोन दिवस बसून तीत जिथे जिथे ‘दूध’ होतं तिथे तिथे ‘इंटरनेट’ घातलं. काम निर्दोष झालं, पण थोडं घाईत झालं. नियम क्रमांक सात असा होता : ‘प्रत्येक सभासदाने सकाळी व संध्याकाळी स्वच्छ भांड्यात संस्थेला इंटरनेट घालणे बंधनकारक राहील.’ नियम नऊ पाणी मिसळलेल्या इंटरनेटबद्दल होता आणि दंड कडक होता.

सभेत हे मोठ्याने वाचून झालं तरी कुणी हसलं नाही. सगळ्यांनी हात वर करून मंजूर केलं. पुढल्या घरच्या रुख्माबाईंनी फक्त एक शंका काढली. “सकाळचं चांगलं राह्यते का संध्याकाळचं?” वयाने त्या पंचाहत्तरच्या आहेत आणि दूध सोसायटीच्या काळात त्यांच्या दुधाला गावात सगळ्यांत जास्त फॅट लागायचं. मी म्हणालो, पहाटेचं. हे खरंही आहे.

अध्यक्ष मीच झालो. रूपराव पाटलांनी माझं नाव सुचवलं. रूपराव म्हणजे आमचे डाव्या हाताचे शेजारी, दोनदा सरपंच, गावातल्या सगळ्यांत देखण्या बैलजोडीचे मालक, आणि सल्ला मागावा लागत नाही अशी व्यक्ती. त्यांनी लगेच पहिला सल्ला दिला. “अध्यक्ष, तार मोटी घेजा. बारीक तारेतून बारीकच येते.”

आता परवानग्या. तार खांबांवरून न्यायची तर खांब एका कार्यालयाचे आणि रस्ता दुसऱ्या कार्यालयाचा. मी सरकारी नोकरीतला माणूस, अर्ज कसा करायचा हे मला शिकवायला नको. खांबांच्या कार्यालयाने माझा अर्ज परत पाठवला : ‘खांबांचे क्रमांक नमूद नाहीत.’ खांबांना क्रमांक नव्हतेच. मी रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन तीन दिवस चिखलातून हिंडलो आणि एकोणचाळीस खांबांना क्रमांक घातले. रूपराव मागून सांगत होते की नऊचा आकडा जरा तिरपा आला आहे. अर्ज पुन्हा दिला. आठवड्याने पत्र आलं. त्यात परवानगीबद्दल अवाक्षर नव्हतं. खांब विनापरवाना रंगवल्याबद्दल माझा खुलासा मागितला होता. कोणकोणते खांब हे सांगताना मात्र त्यांनी माझेच क्रमांक वापरले होते.

मी खुलासा दिला, सविस्तर दिला, आणि ठरवलं की संस्थेचे खांब संस्थाच उभारील. लोखंडी पाइप आणले. आणि तार ओढायला कवडू कुमरेला बोलावलं.

कवडूची ओळख करून द्यायला हवी, कारण या कामात त्याचाही थोडा हात आहे. गावाच्या टोकाला कुमऱ्यांची चार घरं आहेत, त्यातला हा. वय पंचेचाळीसच्या आसपास. हमरस्त्यांच्या कडेने फायबर टाकायच्या कामावर नाल्या खोदायला म्हणून गेला आणि दहा वर्षांत काचेच्या तारेचा जोड मारायला शिकून आला. जोड मारायचं यंत्र त्याच्या स्वतःच्या मालकीचं आहे आणि तो ते दुपट्यात गुंडाळून ठेवतो. बोलतो फार कमी. मला ‘साहेब’ म्हणतो, ते मला आवडतं.

कवडूचं आणि माझं दोनच बाबतींत वाजलं. वेशीवरून लाइन गावात यायची ती आखर ओलांडून. आखर म्हणजे सकाळी गावची गुरं जमतात ती मोकळी जागा. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पाइप रोवायचा आणि मधून तार न्यायची. सगळ्या गावाचं नेट त्या एका तारेवर.

“साहेब, इथं पाइप वीस फुटाचे पायजे,” कवडू म्हणाला.

मी रूपरावांची कडब्याने भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, टेपने मोजली आणि पंधरा फूट पुरे असा निर्णय दिला. अध्यक्षाने निर्णय द्यायचे असतात. तेवढ्यात मला दिसलं की कवडूने आखराच्या पाइपवर साठ मीटर तारेचं वेटोळं करून टांगून ठेवलंय.

“हे कशाला?” मी विचारलं.

“शिल्लक राहू द्या. उद्या तुटलं त कामी येईन.”

“तुटेल कशाला?” मी म्हणालो. संस्थेची चांगली साठ मीटर तार उघड्यावर लोंबकळत ठेवणं मला पटेना. मी ते वेटोळं त्याला कापायला लावलं आणि घरी घेऊन आलो. कवडूने माझ्याकडे बघितलं, तारेकडे बघितलं आणि पक्कड खिशात टाकली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी चार वाजता, मधल्या खोलीतल्या डबीवर हिरवा दिवा लागला. आकांक्षाने मोजमाप करून बघितलं आणि ओरडली. तेजगतीच्या सहापट. बावन्न घरांत बावन्न दिवे लागले. रुख्माबाईंनी दुबईच्या नातवाशी अर्धा तास बोलून मला सांगितलं की तो वाळला आहे, आणि आधीच्या नेटवर तो चांगला दिसायचा. संध्याकाळी भैय्याजी आले. चहा घेतला, आमची डबी उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, “छान हाय, काका. काही लागलं त मले फोन करजा.” मी त्यांना वाईट वाटू नये म्हणून हो म्हणालो. मी स्वतः एक नवं कोरं रजिस्टर आणून त्याला रकाने आखले आणि बाहेरच्या टेबलावर ठेवलं. तक्रार येईल असं वाटत नव्हतं, पण रजिस्टर असावं.

त्याच संध्याकाळी रूपराव आले आणि खुर्चीवर न बसता उभ्यानेच म्हणाले, “अध्यक्ष, यंदा तोरण तोडाचा मान तुमाले.”

हे वाचणाऱ्याला एवढ्यात कळायचं नाही. पोळ्याला आखरावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याखाली सगळ्या गावचे बैल सजवून उभे करतात. झडत्या होतात, म्हणजे एकमेकांना चिमटे काढणारी पोळ्याची गाणी, पूजा होते, मग मानकरी तोरण तोडतो आणि बैल घराकडे धावतात. हा मान पाटलांच्या घरात चार पिढ्यांपासून होता. त्यासाठी रूपरावांच्या आजोबांनी म्हणे सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं. तो मान रूपराव मला देत होते. छायाने फेटा शोधायला ट्रंक उघडली.

शुक्रवारी पाच वाजता मी पांढऱ्या नेहरू शर्टात आणि केशरी फेट्यात निघालो. आकांक्षा आली नाही. साडेपाचला तिच्या साहेबांच्या हाताखालच्या बाईंबरोबर तालीम होती, सोमवारच्या मीटिंगची.

“बाबा, नेट राहीन ना?” ती म्हणाली.

“मी आहे ना,” मी म्हणालो.

आखरावर पोचलो आणि मन प्रसन्न झालं. दरवर्षी तोरण एका बाजूने कडुनिंबाला आणि दुसऱ्या बाजूने एका कलत्या बांबूला बांधलेलं असायचं. यंदा रूपरावांनी माझ्या दोन पाइपांना बांधलं होतं. इकडच्या पाइपपासून तिकडच्या पाइपपर्यंत आंब्याची पानं, झेंडू, मधे नारळ. संस्थेच्या मालमत्तेचा गावाच्या सणाला असा उपयोग होतो आहे हे बघून मला अभिमान वाटला. कवडू असता तर त्यालाही दाखवलं असतं, पण तो गिरडकडे सासुरवाडीला गेला होता.

चाळीस जोड्या उभ्या होत्या. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली, कपाळाला बाशिंगं. रूपरावांच्या जोडीने तर माझ्याकडे बघून मान हलवली. मग झडत्या सुरू झाल्या आणि गावातल्या कुणी तरी माझ्यावर रचलेली झडती म्हटली :

“दुधाची गेली सोसायटी, इंटरनेटची आली,
अध्यक्षाच्या घरची मांजर उपाशीच मेली.
हर बोला, हर हर महादेव!”

सगळं आखर हसलं. मीही हसलो, मानकऱ्याला शोभेल इतपत.

मी तोरणाखाली उभा राहिलो आणि दोन्ही हातांनी ओढलं. तुटलं नाही. पुन्हा ओढलं. फेटा डोळ्यांवर आला. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा मागून कुणी तरी म्हणालं, “टेलिफोनवाल्याच्या हातात जोर कुठून येईन?” ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

“यंदा दोरी भलती मजबूत हाय,” रूपराव म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातात विळा दिला.

पानं बाजूला सारून मी दोरी बघितली. काळी, गुळगुळीत, तकतकीत. नायलॉनच्या दोऱ्या हल्ली काय सुंदर निघतात असा विचार माझ्या मनात आला, हे मला स्पष्ट आठवतं. मी विळा घातला. दोनदा घासावं लागलं. तोरण तुटलं, हर हर महादेव झालं, बैल उधळले, आणि सगळं गाव तोरणावर तुटून पडलं. तोरणाचा तुकडा दाराला बांधला की वर्षभर घरात बरकत राहते. विळे निघाले, कोयते निघाले, ज्याला जेवढं मिळालं तेवढं कापून त्याने नेलं. मानकरी म्हणून मला हातभर लांब तुकडा मिळाला, नारळाजवळचा.

खिशातला फोन वाजला. आकांक्षा होती.

“बाबा, नेट गेलं.”

“केव्हा?”

“आत्ता. पाच चाळीसले.”

“तक्रार नोंदवून घेतो,” मी म्हणालो. सवय जात नाही.

घरी आलो, स्टूल घेतलं आणि तो तुकडा दाराच्या चौकटीला बांधला. आकांक्षा बाहेर येऊन बघत उभी राहिली.

“बाबा, हे काय हाय?”

“तोरण.”

“तोरणात फायबर काऊन हाय?”

मी स्टुलावरच उभा होतो. खाली उतरायला मला थोडा वेळ लागला.

रूपरावांकडे गेलो. त्यांचं म्हणणं सरळ होतं. “आखरावर दोन खांब अन् मधात दोरी, पोळ्याच्या तोंडावर. मले वाटलं तुमी तोरणासाठीच बांधलं. म्हून त मी चार पिढ्यांचा मान तुमाले देल्ला. हात पुरत नव्हता त जराशी ढिली करून खाली घेतली.” आणि मग, अतिशय सौम्यपणे, “पण तोडलं त तुमीच ना जी?” त्या चेहऱ्यावर मला दुखावलेपणा दिसला, आणि तो माझ्या दुखावलेपणापेक्षा चार पिढ्यांनी जुना होता. मी परत आलो.

आकांक्षा कपाटाशी उभी होती. कपड्यांच्या घड्या घालत होती, पुण्याला न्यायच्या. रागावली असती तर बरं झालं असतं.

“मी दुरुस्त करतो,” मी म्हणालो.

“तुमी काहीच नका करू बाबा,” ती म्हणाली. “तुमी लय केलं.”

त्या वाक्याने मला जे वाटलं ते सांगून टाकतो. मला भीती वाटली. भिंतीवरच्या त्या घड्याळाची भीती वाटली. कवडूला फोन लावला, लागला नाही. गिरडच्या त्या भागात रेंज नसते, आणि तिथे अजून कुणी सहकारी संस्था काढलेली नाही.

शनिवारी सकाळी भैय्याजी आले. “काका, मी तेजगती पुन्हा लावून देतो,” ते म्हणाले. मानी माणूस असूनही मी हो म्हणणार होतो. आकांक्षाचा प्रश्न होता. पण त्यांनी जोडणी केली आणि आम्ही तिघं डबीच्या दिव्याकडे बघत राहिलो. तो लाल होता. बुधवारपासूनच वरून गेलं होतं.

मग मी पिशवी घेऊन निघालो. माझा विचार असा होता की तुकडे सगळे गोळा केले तर कवडू ते जोडील. चुकीचा होता, पण विचार होता. आता, पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे तान्हा पोळा. गावातली पोरंटोरं आपापले लाकडी बैल ओढत घरोघरी जातात आणि लोक त्यांना बोजारा देतात, म्हणजे काही गोडधोड, काही खाऊ. मी ज्या दारात जाई तिथे आधीच पाच-सहा बैलवाले उभे असत. मी रांगेत थांबायचो.

“या जी अध्यक्ष,” रुख्माबाई म्हणाल्या. “बैल कुठं हाय तुमचा?”

मी तोरणाचा तुकडा मागितला. दाराचं तोरण आल्यागेल्याला काढून देत नाहीत, त्याने बरकत जाते, असं त्यांनी मला सांगितलं. मी त्यांना दुबईच्या नातवाची आठवण दिली. त्यांनी विचार केला, तुकडा सोडवून दिला आणि वर एक करंजी हातावर ठेवली. मी नको म्हणालो तर म्हणाल्या, “दारात आलेला तान्हा पोळा रिकामा जात नाई.” मी एकसष्ट वर्षांचा आहे. दुपारपर्यंत माझ्याजवळ तेवीस तुकडे, अकरा करंज्या आणि चार केळी जमली.

दोनच्या बसने कवडू उतरला. मी त्याला स्टँडवरच गाठलं आणि पिशवी उघडून दाखवली. तो हसला नाही, हे मी त्याचं कधीच विसरणार नाही. त्याने एक तुकडा काढला, त्याला चिकटलेलं आंब्याचं पान सोडवलं आणि म्हणाला, “साहेब, हे एक एक जोडाले बसलो त पुढचा पोळा येईन.” मग पिशवी बंद करून, “ते वेटोळं कुठं हाय?”

“कोणतं वेटोळं?”

“साठ मीटरचं. तुमी कापाले लावलं ते.”

मला आठवेना. घरी येऊन छायाला विचारलं. ती जिना चढून वर गेली आणि आम्ही मागोमाग गेलो. गच्चीवर संस्थेची साठ मीटर तार या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत चार फेऱ्यांत ताणून बांधलेली होती. तीवर पोळ्याचे सगळे कपडे वाळत होते, माझ्या केशरी फेट्यासकट. ती मीच बांधून दिली होती, आणि किती ताठ बसली म्हणून स्वतःचं कौतुकही केलं होतं.

छायाने ओले कपडे भराभर उचलले. कवडूने खिशातून तार शाबूत आहे का ते बघायचं लाल उजेडाचं पेन काढलं आणि तारेच्या एका टोकाला लावलं. “तिकडचं टोक बघा साहेब,” तो म्हणाला. मी चार फेऱ्यांच्या दुसऱ्या टोकाशी जाऊन गुडघ्यावर बसलो आणि हाताची ओंजळ करून आत बघितलं. काही नव्हतं. आकांक्षा केव्हा जिन्यात येऊन उभी राहिली होती ते मला कळलं नाही. कवडूने तार बोटांनी चाचपत आणली. एका जागी जड गोधडी वाळत घातल्याने ती मोडून वाकली होती. तिथे त्याने कापली आणि पेन पुन्हा लावलं.

माझ्या ओंजळीत मोहरीएवढा लाल ठिपका लागला.

“दिसते काय?” कवडूने विचारलं.

मी ओंजळ तशीच धरून ठेवली. आकांक्षाने वाकून बघितलं आणि तिनेच सांगितलं, “दिसते.”

उरली होती पंचेचाळीस मीटर. आखर चाळीस. रविवारी सकाळी कवडू पाच-पाच फुटांचे दोन पाइप घेऊन आला, माझ्या पंधरा फुटांवर बसवायला. ते त्याने कधी कापून ठेवले होते हे मी विचारलं नाही. पण वीस फुटांना शिडी पुरेना. तेव्हा रूपराव आपली बंडी जुंपून आले. रंगवलेली शिंगं, बाशिंगं अजून उतरवलेली नव्हती. त्यांनी बंडी पाइपखाली उभी केली, वर शिडी टेकवली आणि बैलांच्या तोंडाशी स्वतः उभे राहिले. “माझे बैल हालणार नाई,” ते म्हणाले. एवढीच त्यांची माफी होती आणि ती मला पुरली.

तार दोन्ही पाइपांवर एकाच वेळी ताणायची असते. कवडू तिकडच्या पाइपवर. इकडच्या पाइपवर कोण, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी खाली जमिनीकडे बघितलं. मी चप्पल काढली आणि शिडी चढलो. खालून सल्ले येत होते. डावा पाय उचला, उजवा उचला, खाली बघू नका, खाली बघा. छाया एकदाच म्हणाली, “अजी, घट्ट धरजा,” आणि मग सगळे गप्प झाले. मी तार धरली. चाळीस मीटर पलीकडून कवडू जेवढी ओढत होता ती ओढ माझ्या हातात येत होती. बत्तीस वर्षं मी जिच्याविषयी लिहिलं ती ही, असं मला वाटलं. बैल खरंच हलले नाहीत.

खाली उतरल्यावर कवडूने धूळ जाऊ नये म्हणून चादरीच्या आडोशाला बसून दोन्ही टोकांना जोड मारले. दीड वाजता घराघरांतून हाका आल्या. रूपराव म्हणाले, “अध्यक्ष, आता नऊचा आकडाही सरळ करून टाका.”

सोमवारी सकाळी दहाला मधल्या खोलीचं दार बंद झालं. मी बाहेरच्या टेबलाशी रजिस्टर उघडून बसलो. कवडू पायरीवर बसला होता, पेन खिशात तयार. छाया चहा ठेवून तो उतरवायला विसरली. आतून आकांक्षाचा इंग्रजी आवाज येत होता, अधूनमधून एका माणसाचा. भैय्याजी फाटकाशी आले, आम्हाला बघून तिथेच थांबले, आणि हळूच विचारलं की सभासद व्हायचं तर अर्ज कुणाकडे करायचा.

वेळ जायला मी पहिली नोंद पूर्ण केली. तक्रार क्रमांक एक. तक्रारदार, आकांक्षा. वेळ, शुक्रवार पाच चाळीस. कारण या रकान्यात मी लिहिलं, ‘अध्यक्षांनी तोरण समजून लाइन तोडली.’ तक्रार घेणाऱ्याच्या रकान्यात माझी सही केली. दुरुस्ती करणाऱ्याचा रकाना कवडूपुढे सरकवला. त्याने सही केली आणि रजिस्टर माझ्याकडे परत ढकललं.

“तुमी बी करा, साहेब. शिडीवर तुमीच होते.”

त्या रकान्यात मी आयुष्यात पहिल्यांदा सही केली. जरा तिरपी आली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं. आकांक्षा बाहेर आली, माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि वाकून शेवटच्या रकान्यात, तक्रारदाराच्या शेऱ्यात, लिहिलं. लिहून झाल्यावर ती चुलीकडे गेली आणि छायाला चहा उतू गेल्याचं सांगू लागली.

मी चष्मा लावला. तिने लिहिलं होतं, ‘समाधान झाले. मी इथेच राहणार आहे.’

रजिस्टरमध्ये अवांतर मजकूर लिहायचा नसतो, असा नियम आहे. बत्तीस वर्षं मी तो पाळला. त्या ओळीवर मात्र मी रेघ मारली नाही.